किल्ली कुणाच्या हातात?

(सोलापुरातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. माझ्यावर जे गुजरलं, तेवढंच सांगते.

लग्नाआधी मी विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत स्कूटीवर जायचे. अब्बांनीच आरटीओत नेऊन लायसन काढून दिलं होतं. 2012 मध्ये मिस्टरांच्या नोकरीसाठी रियाधला गेलो आणि ते लायसन पेटीत पडलं. तिथे बाईला परवानाच मिळत नव्हता.

एका रात्री पोराला सणकून ताप चढला. मिस्टर कंपनीच्या गाडीनं दम्मामला गेलेले. ओळखीचा ड्रायव्हर फोन उचलेना. आमची गाडी खाली उभी, किल्ली माझ्या हातात. तासाभरानं शेजारचे भाई आले, तेव्हा दवाखाना गाठला. पोरगा बरा झाला, पण तो तास मी विसरलेले नाही.

तिथल्या बायका गप्प बसल्या नव्हत्या. 6 नोव्हेंबर 1990 रोजी 47 जणी रियाधच्या रस्त्यावर गाड्या घेऊन निघाल्या. त्यांना अटक झाली, पासपोर्ट काढून घेतले, कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या. 2011 मध्ये मनाल अल-शरीफ यांनी गाडी चालवतानाचा व्हिडिओ लोकांपुढे आणला आणि तुरुंग पाहिला. लुजैन अल-हथलूल यांच्याकडे तर अमिरातीचा परवाना होता. 2014 मध्ये गाडी घेऊन सौदीच्या सीमेवर आल्या, म्हणून 73 दिवस कोठडीत राहिल्या. शेवटी 24 जून 2018 रोजी बंदी उठली. त्याच्या महिनाभर आधीच लुजैन यांना पुन्हा अटक झाली होती!

या बंदीसाठी दीन पुढे केला जायचा. पण इंडोनेशिया, तुर्कस्तान, पाकिस्तानातल्या मुस्लिम बायका गाडी चालवतच होत्या. मग बंदी दीनाची होती की दस्तुराची?

बंदी उठल्यावर मी अर्ज केला. आपलं लायसन दाखवलं की तिकडचा परवाना हातात पडत नाही. डोळे तपासले, रक्तगट तपासला, बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, लेखी आणि गाडीची परीक्षा दिली. गाडी उजवीकडून चालवायची, स्टिअरिंग डावीकडे. पहिले काही दिवस चौकात नजर चुकीच्या बाजूलाच जायची. इथून जाणाऱ्या मुलांनीही ऐका: आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि तो पाहुण्यासाठी असतो. तिथे राहून ड्रायव्हरकी करायची, तर तिथलाच परवाना काढावा लागतो. एजंट काही वेगळं सांगत असेल, तर पैसे देण्याआधी खात्री करा.

आता आपल्या घरातली गोष्ट. सोलापूरला परत आले, तर भाची कॉलेजला जायला रोज भावाची वाट बघते. गाडी दारात, वय 19, लायसन नाही. भाईजानना विचारलं, तर म्हणाले, "लोग क्या कहेंगे?"

रियाधमध्ये कायदा आडवा होता. इथे कोणता आहे? आपला 1988 चा मोटार वाहन कायदा बाई-पुरुष बघत नाही. गिअरच्या गाडीला 18 वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. ज्या हक्कासाठी तिकडे बायका तुरुंगात गेल्या, तो आपण इथे खुंटीला टांगून ठेवलाय.

भाचीचा अर्ज मी सोमवारी भरणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा. आयांनो, तुम्हीसुद्धा या.