टेकडी मागे राहते तेव्हा



आपल्याकडे थंडी पडली की लोक व्यायामाला लागतात. दिवाळीचा फराळ संपतो, घरोघरी डिंकाचे लाडू वळले जातात आणि पहाटे साडेपाचला तळजाईवर, हनुमान टेकडीवर, शिवाजी पार्कच्या कडेनं, रंकाळ्याच्या काठानं कानटोपी घातलेली माणसं झपाझप चालताना दिसतात. आयुर्वेदानं हेमंत ऋतू व्यायामाला चांगला सांगितला आहे. भूक लागते, खाल्लेलं पचतं, अंगात बळ असतं. मुंबईची मॅरेथॉनही जानेवारीत असते. थंडी म्हणजे व्यायामाचा हंगाम, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

मग याच घरांतली मुलं-मुली शिकायला किंवा नोकरीला कॅनडात जातात आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा व्यायाम बंद पडतो. फोनवर विचारलं तर एकच उत्तर येतं, "अगं आई, इथे फार थंडी आहे." आई-वडिलांना वाटतं, पोरगं आळशी झालं. हळूहळू त्या पोरालाही तसंच वाटू लागतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. टोरांटोत काही वर्षं काम केलं. असे कितीतरी तरुण, आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आई-वडील, कंबर, गुडघे, खांदे धरून माझ्याकडे येत. बहुतेकांचं मूळ दुखणं एकच असे: हालचाल थांबलेली. त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे, आणि सुरुवातीलाच सांगते, आळस हा शब्द आपण बाजूला ठेवू या.

पुण्यातला एखादा पहाटे फिरणारा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. पावणेसहाला मित्राचा मिस्ड कॉल. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावायची ठरलेली जागा. वाटेत रोजचे तेच चेहरे, वर पोचल्यावर मारुतीला नमस्कार, उतरल्यावर अमृततुल्यात चहा. दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणारच, "काय हो, बरं नव्हतं का?" लोक म्हणतात, किती निग्रही माणूस! पण निग्रहाचं निम्मं काम त्या मिस्ड कॉलनं, त्या वाटेनं आणि त्या चहानं परस्पर उचललेलं असतं. माणूस विमानात बसतो, यातलं काहीच त्याच्याबरोबर विमानात बसत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमकी हीच गोष्ट अभ्यासली. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तीन सवयी त्यांनी पाहिल्या: व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं आणि टीव्ही पाहणं. नव्या जागी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली तिथे सवय टिकली. परिस्थिती बदलली तिथे चांगली मुरलेली सवयही आपोआप चालेनाशी झाली. हा नुसतं विद्यापीठ बदलण्याचा परिणाम. आपला मुलगा तर पुण्याच्या दहा अंशांतून उणे दहात गेलेला असतो, एकटा, नव्या देशात. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना मनाचा निर्धार वाढवा असं कधी सांगितलं नाही. टेकडी मागे राहिली आहे, तिच्या जागी दुसरं काहीतरी उभं करू या, एवढंच सांगितलं.

ते उभं करायचं तर तिथला हिवाळा नीट समजून घ्यावा लागतो. टोरांटोत जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंश असतं. पण थंडीपेक्षा अंधार जास्त छळतो, असं माझं मत आहे. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो, टोरांटोत तो नऊ तासांचाही नसतो. सूर्य सकाळी पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेपाचच्या सुमारास मावळतो. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. शनिवारी सहाला झालेला सूर्यास्त रविवारी पाचलाच होतो. ऑफिस सुटल्यावर बागेत चालायला जाणाऱ्यांचा व्यायाम त्या एका रात्रीत बुडतो.

या अंधाराचा मनावर काय परिणाम होतो हे जगापुढे मांडणारा डॉक्टरही असाच उबदार देशातून आलेला होता. नॉर्मन रोझेंथाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, आणि हिवाळ्यात आपला उत्साह आटतो, वसंतात परत येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं, कशात मन लागत नाही. आपल्या मुलाच्या बोलण्यात ही लक्षणं दोन-तीन आठवडे सलग जाणवली तर त्याला डॉक्टरांकडे जायला सांगा. सकाळी ठरावीक वेळ खास प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार आहे, औषधं आहेत, त्यांचा उपयोग होतो. ज्याला उपचारांची गरज आहे त्याला "जरा पळून ये, बरं वाटेल" एवढंच सांगणं हा अन्याय आहे.

बाकीच्यांनी मात्र व्यायामाची वेळ बदलावी. आपल्याला ब्राह्ममुहूर्ताची ओढ असते, व्यायाम म्हणजे पहाटेचाच. टोरांटोच्या डिसेंबरात पहाटे बाहेर मिट्ट काळोख असतो आणि गारठाही सर्वांत जास्त. तिथे जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी बारा-एकला बाहेर पडावं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो, आणि मनाला तो हवा असतो. ड जीवनसत्त्वासाठी मात्र या उन्हावर विसंबू नये. जवळपास त्याच अक्षांशावरच्या बोस्टनमध्ये १९८८ साली झालेल्या अभ्यासात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हानं त्वचेत ड जीवनसत्त्व तयारच झालं नाही. आपल्या सावळ्या वर्णाला तर एरवीही ऊन जास्त वेळ लागतं. तेवढ्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

आता कपडे. इथून जाताना आपण आईच्या मायेनं जाडजूड स्वेटर आणि सुती बनियनं बॅगेत भरतो. चालायला-पळायला सुती कापड अंगालगत नको. ते घाम पितं, ओलं राहतं, आणि थांबलात की तोच ओलावा हुडहुडी भरवतो. अंगाला चिकटून पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीसचा, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. बोटांचे वेगवेगळे हातमोजे घालण्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहतील असे घातले तर हात जास्त ऊबदार राहतात. दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातच ऊब वाटली तर दहा मिनिटांत घामानं भिजाल. नाकातोंडावर मफलर असावा, कोरडी गार हवा सरळ छातीत गेली की अनेकांना खोकला आणि धाप लागते. दमेकऱ्यांनी तर विशेष जपावं. पाणीही आठवणीनं प्यावं. थंडीत तहान कळत नाही, पण प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातलं पाणी जात असतं.

हे सगळं दाराजवळच्या खुंटीवर आदल्या रात्री क्रमानं लावून ठेवायचं. माझ्याकडे येणारी एक तरुणी, मूळची साताऱ्याची, तापमान बघण्याआधी कपडे चढवायची. आधी फोन पाहिला की जाणं रद्द व्हायचं, हे तिला कळून चुकलं होतं. बाहेरचा आकडा ती बूट घातल्यावर बघे, आणि तोही रस्ता ठरवण्यासाठी. पण बघे जरूर, कारण वाऱ्याचा हिशेब करावाच लागतो. उणे दहा अंश असताना ताशी तीस किलोमीटर वारा सुटला तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. वाऱ्यासकट आकडा उणे अठ्ठावीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत हिमदंशानं इजा पावू शकते. त्या दिवशी घरात राहणं हा शहाणपणा आहे, आणि अशा दिवसांसाठी घरातली सोय आधीच ठरलेली हवी.

सोयी तिथे भरपूर आहेत, माहीत असायला हव्यात. टोरांटोच्या मध्यवस्तीत जमिनीखालून 'पाथ' नावाचा पादचारी मार्ग आहे, तीस किलोमीटरांहून लांब, इमारतींना इमारती जोडणारा. बाहेर हिमवादळ असताना तिथे लोक साध्या शर्टावर चालत असतात. कित्येक मॉलची दारं दुकानं उघडण्याआधी उघडतात आणि सकाळी तिथे वयस्कर मंडळी फेऱ्या मारतात: चिनी आजी-आजोबा, पंजाबी बाबाजी, आपले काका-काकू. भाषा कळत नाही, पण आठवड्याभरात हात हलवून नमस्कार सुरू होतो, आणि न आलेल्याची आठवणही निघते. मला ते दृश्य फार आवडायचं, कारण तिथे टेकडीवरची मंडळी वेगळ्या वेषात पुन्हा जमलेली दिसायची.

घरात तर सतरंजीएवढी जागा पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार आयुष्यभर केला, आणि १९३८ मध्ये त्यांचं पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीत निघालं. म्हणजे सूर्यनमस्कार घालण्याची शिफारस थंड मुलुखात पोचून आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. फक्त गार स्नायूंवर एकदम ताण देऊ नका. आधी पाच-सात मिनिटं जागच्या जागी चाला, खांदे फिरवा.

आणि इमारतीचे जिने आहेत. टोरांटोच्या सीएन टॉवरला १,७७६ पायऱ्या आहेत आणि एप्रिलमध्ये निसर्गसंवर्धनाच्या देणगीसाठी लोक त्या चढतात. आपली पर्वती १०३ पायऱ्यांची, म्हणजे सतरा पर्वत्या एका दमात! त्याची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत आपापल्या इमारतीच्या जिन्यात होते. तसंच जवळच्या हॅमिल्टन शहरात मार्चअखेरीला उपसागराला वळसा घालणारी तीस किलोमीटरची शर्यत असते. ती १८९४ पासूनची, बोस्टन मॅरेथॉनहूनही जुनी. मार्चमध्ये तीस किलोमीटर पळायचं तर बर्फातच सराव करावा लागतो, आणि तिथले लोक तो गटागटानं करतात. नव्या माणसानं अशा एखाद्या गटात नाव द्यावं, भले अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागो. कुणीतरी कोपऱ्यावर वाट पाहतं आहे, ही जाणीव माणसाला पांघरुणातून बाहेर काढते. मुलं गेलेल्या गावी महाराष्ट्र मंडळ असेल तर तिथेही विचारा. गणपतीच्या तयारीसाठी ढोल-ताशाचं पथक चालत असेल तर कमरेला ढोल बांधून तासभर वाजवणं हा उत्तम व्यायाम आहे.

नवी सवय किती दिवसांत लागते? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले; पण कुणाला अठरा लागले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. माझ्या दृष्टीनं त्यातली मोलाची गोष्ट वेगळी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. वादळ झालं, ताप आला, तर परवा पुन्हा सुरू करावं.

तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. अशा वेळी अंगणातला बर्फ फावड्यानं उचलणं म्हणजे हृदयावर अचानक मोठा भार. मुलाला मदत म्हणून पहाटे फावडं घेऊन बाहेर पडू नका. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. दुसरं म्हणजे पडणं. रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फ साचतो, तो दिसत नाही. बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या रबरी जाळ्या तिथल्या दुकानांत मिळतात, त्या घ्या. छोटी पावलं टाका, तळवा सपाट ठेवा, हात खिशात घालू नका.

आणि जी मुलं जानेवारीच्या प्रवेशानं निघाली आहेत ती ऐन हिवाळ्यात उतरणार आहेत. त्यांनी बूट इथून न नेता तिथेच घ्यावेत, आणि पहिल्याच आठवड्यात, बँकेचं खातं उघडतात त्याच दिवसांत, जवळचं कम्युनिटी सेंटर शोधून पोहण्याच्या तलावाचं आणि व्यायामशाळेचं वेळापत्रक आणावं. टोरांटोत महापालिकेच्या उघड्या मैदानांवर स्केटिंगही फुकट करता येतं. बूट भाड्यानं मिळाले तर एक रविवार तेही करून पाहावं.