काशीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून



निबंधाची बक्षिसं घ्यायला आज मुलीच मुली व्यासपीठावर आल्या. म्हणून मी मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या बायकांबद्दल बोलणार आहे.

आपल्या घोटीजवळच्या थळ घाटातून आगगाडी वर आली 1865 साली. पुढे आठच वर्षांनी, 1873 मध्ये, साळूबाई तांबवेकरांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही कादंबरी छापून निघाली. बाईनं लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून तिची नोंद होते. पुस्तकाचं नाव राहिलं. ते लिहिणारी बाई कशी जगली, हे मात्र कोणी टिपून ठेवलं नाही. मला याची फार हळहळ वाटते.

काशीबाई कानिटकरांचं तसं झालं नाही. 1861 मध्ये सांगलीकडच्या आष्ट्याला जन्म, नवव्या वर्षी लग्न, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बायकोनं शिकावं ही नवऱ्याची, गोविंदरावांची, इच्छा. पण सासरच्या वडीलधाऱ्यांना ते खपत नव्हतं. बाईच्या हातात पुस्तक म्हणजे घराण्याला बट्टा, असा तो काळ. काशीबाई लपूनछपून शिकल्या आणि 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. ती 1903 मध्ये पुस्तकरूपानं आली. 1928 च्या 'पालखीचा गोंडा'मध्ये तर त्यांची नायिका एका संस्थानाचा कारभार हाती घेते, बायकांना शिकवते, त्यांना कामांवर नेमते. आज आपल्याकडे महिला सरपंच आहेत, पोलीस आहेत. काशीबाईंना हे सगळं नुसत्या कल्पनेनं उभं करावं लागलं. मुलींनो, केवढी हिंमत लागली असेल!

मला त्यांचं सर्वात मोठं काम वाटतं ते दुसरंच. डॉ. आनंदीबाई जोशी 1887 मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. दोनच वर्षांत काशीबाईंनी त्यांचं चरित्र लिहून छापलं. एका बाईचं आयुष्य विस्मरणात जाऊ नये म्हणून दुसरी बाई लिहायला बसली.

इथे पावसात गुडघाभर चिखलात भाताची आवणी करणाऱ्या तुमच्या आया-आज्या समोर बसल्या आहेत. सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. लग्न कितव्या वर्षी झालं, शाळा का सुटली, पहिली मजुरी किती मिळाली, ते विचारा. त्या जशा बोलतील तसंच लिहा, घोटीच्या बोलीत. शुद्धलेखन मागाहून बघू.

सरोजिनी वैद्यांनी संपादित केलेलं काशीबाईंचं आत्मचरित्र मी ग्रंथालयासाठी आणलं आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती, ते कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मुलींना घरी न्यायला द्या.