सावत्र

बायांनो, मागच्या वर्गात ‘त्र’ हे जोडाक्षर शिकवायचे होते. म्हणून मी फळ्यावर चार शब्द लिहिले. पत्र, रात्र, मित्र आणि सावत्र. तर पोलादपूरकडची एक बाई पाटी खाली ठेवून म्हणाली, “ताई, हा शेवटचा मला नको. रोज ऐकते तेवढा पुरे.”

तिचे लग्न दुसरेपणावर झाले आहे. पदरात पहिलीची दोन मुले. मुलांना रागावली तर सावत्र म्हणून छळते, आणि नाही रागावली तर सावत्र म्हणून वाऱ्यावर सोडते. लोक दोन्हीकडून बोलतात. तेव्हा आज धडा बाजूला ठेवू आणि त्याच शब्दाविषयी बोलू.

महाडहून रायगडाला जाताना गडाच्या पायथ्याशी पाचाड लागते. तिथे जिजाऊंची समाधी आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. शिवाजीराजांना त्यांनी कसे घडविले, हेही तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. पण म्हातारपणी त्यांनी आणखी एक मूल वाढविले. त्याचे बोलणे कमी होते.

सईबाई 1659 साली राजगडावर वारल्या. त्यांचा संभाजी तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. कापूरहोळच्या धाराऊने त्याला अंगावर पाजले होते. आता आईच गेली. घरात सावत्र आया होत्या, पण पोराला पदराखाली घेतले ते आजीने. जिजाऊंची तेव्हा साठी उलटली होती. बाप आणि भाऊ देवगिरीला मारले गेले, थोरला मुलगा कनकगिरीला पडला. एवढे सोसलेल्या बाईने पुन्हा एका लहान मुलाचे हट्ट, दुखणीखुपणी, जेवणखाण अंगावर घेतले. सोपे नाही हो ते!

पोर नऊ वर्षांचे झाले आणि 1666 मध्ये बापाबरोबर आग्र्याला गेले. तिथे दोघेही अडकले. मुलगा नि नातू शत्रूच्या पहाऱ्यात, आणि मागे राज्याचा भार जिजाऊंवर! बाई देवाला मानणारी खरी, पण देवापुढे बसून राहणारी नव्हे. उजाड झालेले पुणे पुन्हा वसविताना त्यांनी कसब्यात गणपतीचे देऊळ उभारले, आणि पडीक रानात नांगरही चालू करविला. आताही राज्य त्यांनी सांभाळले. पुढे राजे परत आले, तेही मुलाला मथुरेत ठेवून. तो मागाहून आला.

रायगडावरची थंड हवा उतारवयात मानवेना, म्हणून राजांनी त्यांना पाचाडला वाडा बांधून दिला. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला. सतरा वर्षांचा नातू युवराज झालेला त्यांनी पाहिला. अकरा दिवसांनी त्या गेल्या.

तुम्ही म्हणाल, “ती तर सख्खी आजी. सावत्रपणाचा काच तिला कुठला?” बरोबर आहे. मग खरोखरीच्या सावत्र आईचे ऐका. ही आहे अमेरिकेतली.

तिकडे इंडियाना म्हणून मुलूख आहे. तेव्हा तिथे दाट जंगल होते. झाडे तोडून लोक नवी शेती करीत. तिथे एका झोपडीत दोन पोरकी मुले होती. बहीण बारा वर्षांची, भाऊ दहाचा. 1819 साली बापाने सारा नावाच्या विधवेशी लग्न केले. तिची स्वतःची तीन मुले होती. ती आली तेव्हा झोपडीत खाली नुसती माती होती. तिने आधी या दोघांना न्हाऊमाखू घातले, मग नवऱ्याच्या मागे लागून लाकडी जमीन करून घेतली. पाचही मुले एका मायेने वाढविली. चर्चला जाणारी भाविक बाई. तिला लिहिता येत नव्हते. पण सवतीचा मुलगा पुस्तक घेऊन बसला, की ती त्याला उठवीत नसे. नवऱ्यालाही तिने तसे पटविले.

तो मुलगा म्हणजे अब्राहम लिंकन. आईला राहायला जागा असावी म्हणून त्याने चाळीस एकर जमीन घेऊन ठेवली. 1861 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून राजधानीला निघण्याआधी तो थंडीच्या दिवसांत मुद्दाम तिला भेटायला गेला. तीच शेवटची भेट. 1865 मध्ये त्याला गोळी घातली. म्हातारी मागे राहिली. कोणी विचारायला आले तर सांगे, त्याने मला कधी उलट शब्द बोलला नाही.

बरं, पोलादपूरच्या बाई, घ्या आता पाटी. ‘त्र’ राहिला आहे.