कुंपण आणि शेत
(सारसोळे येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



सारसोळ्यासारख्या कोळीवाड्यात ‘हेज फंड’ ह्या विषयावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरे नव्या शहरासाठी गेली. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरातील गोळीबारात पाच माणसे धारातीर्थी पडली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. जमिनीचा असा पैसा झाला, आणि पैसा दारात आला की त्याला वाट दाखवणारे मागोमाग येतातच. म्हणून हा विषय आपला आहे.

‘हेज’ म्हणजे कुंपण. १९४९ साली अमेरिकेत आल्फ्रेड विन्स्लो जोन्स ह्यांनी असा पहिला फंड काढला. काही शेअर विकत घ्यायचे आणि त्याच वेळी दुसरे काही उसने घेऊन विकायचे. बाजार कोसळला तर दुसऱ्या व्यवहारातील नफ्याने पहिल्याचा तोटा भरून निघावा, ही कल्पना. कल्पनेत वावगे काही नाही. परंतु जोन्स ह्यांनी त्याला दोन गोष्टींची जोड दिली: कर्जाऊ पैसा आणि नफ्यात व्यवस्थापकाचा वीस टक्के वाटा. पुढच्या काळात अनेक फंडांत कुंपण विरळ होत गेले आणि ह्या दोन गोष्टी मात्र फोफावल्या.

ह्या कर्जाचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. स्वतःचा एक रुपया आणि उसने पंचवीस, अशा सव्वीस रुपयांचा माल घेतला आणि भाव केवळ चार टक्क्यांनी उतरला, तर स्वतःचा रुपया संपूर्ण बुडतो. ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ ह्या फंडाचे प्रमाण १९९८च्या आरंभी साधारण असेच होते. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे १९९७चे नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ होते! ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, बाजार विद्वानांच्या सूत्रांना जुमानेना, आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर ओतावे लागले.

व्यवस्थापकाचे मात्र सहसा बिघडत नाही. मूळ रकमेवर दोन टक्के आणि नफ्यावर वीस टक्के, ही ह्या धंद्यातील जुनी रीत. फंडाने एक कोटीवर वीस लाख मिळवले, तर त्यातले जवळजवळ सहा लाख त्याचे. पुढल्या वर्षी वीस लाख बुडाले, तर घेतलेले सहा लाख तो परत आणून देत नाही. तूट भरून निघेपर्यंत नवा वाटा घेऊ नये, असे कलम बहुधा असते. तेव्हा काही जण तो फंडच गुंडाळतात आणि नवा काढतात.

आपल्याकडे सेबीने २०१२च्या नियमांत अशा फंडांना पर्यायी गुंतवणूक निधींच्या तिसऱ्या वर्गात घातले आणि किमान गुंतवणूक एक कोटी ठरवली. एप्रिल २०२५पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना ‘विशेष गुंतवणूक फंड’ काढता येतात, आणि तेथे उंबरठा दहा लाखांचा आहे. हे हेज फंड नव्हेत. परंतु भाव उतरण्यावर पैसे लावण्याची मर्यादित मुभा त्यांनाही आहे. दहा लाख ही रक्कम भूखंड विकलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाच्या आवाक्यातली आहे, हे ध्यानात घ्या.

ज्यांच्याजवळ दहा लाखही नाहीत, ते मोबाईलवरून थेट वायदेबाजारात उतरले आहेत. (मटक्याचा जन्मही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणाऱ्या आकड्यातूनच झाला होता.) सेबीच्या २०२४च्या पाहणीनुसार तीन वर्षांत ह्या व्यवहारांतील शंभरापैकी त्र्याण्णव व्यक्तींना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. समोर कोण असते? ३ जुलै २०२५च्या अंतरिम आदेशात सेबीने जेन स्ट्रीट ह्या अमेरिकी कंपनीवर ठपका ठेवला. कंपनी प्रामुख्याने स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करते, म्हणजे काटेकोर अर्थाने हेज फंड नव्हे; पण हत्यारे तीच. सेबीचे म्हणणे असे की, १७ जानेवारी २०२४ रोजी तिने सकाळी बँकांचे शेअर व वायदे घेऊन निर्देशांक सावरून धरला, त्याच वेळी तो पडण्यावर कित्येक पटींनी मोठा डाव लावला, आणि दुपारी घेतलेला माल विकून टाकला. शेअर व वायद्यांत सुमारे ६१ कोटी गेले, ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटी आले. कंपनीने आरोप नाकारून अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाचे काय व्हायचे ते होवो; कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्या पूर्वजांनी वायदेबाजार पाहून केली नव्हती, तरी येथे ती तंतोतंत बसते.

आणखी एक धोका जाहिरातीत येत नाही. पैसे हवे तेव्हा मिळतीलच असे नाही. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्या साध्या म्युच्युअल फंडाच्या योजना होत्या. लोकांचे पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत आले, हे खरे. पण ऐन टाळेबंदीत ज्याला त्यांची गरज होती, त्याला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. तेव्हा एजंट घरी आला, तर परताव्याचा आकडा विचारण्यापूर्वी त्याला विचारा, पैसे किती दिवस अडकतील, फंड कर्ज काढतो काय, आणि ह्या सहीमागे तुझे कमिशन किती?