कुटुंबाची साक्षरता : नांवनोंदणी आणि टिकाव



प्रौढांच्या साक्षरतावर्गाची वही पहिल्या दिवशीं नांवांनीं भरून जाते. पुढें त्यांतील कित्येक नांवें केवळ कागदावर उरतात. ह्याचा सारा दोष शिकणारांच्या अनास्थेवर टाकणें न्यायाचें नव्हे.

२०११ च्या जनगणनेंत बुलढाणा जिल्ह्यांतील पुरुषांची साक्षरता शेंकडा सुमारें ९० व स्त्रियांची सुमारें ७६ होती. म्हणजे ज्या घरांत एखादी निरक्षर स्त्री आहे, त्यांपैकीं पुष्कळ घरांत वाचतां येणारें दुसरें माणूस असतेंच. गुरु घरांतच आहे. जोतीराव फुल्यांनीं सावित्रीबाईंना घरींच शिकविलें, आणि १८४८ सालीं त्या पुण्यास मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या.

म्हणून नांव एकट्या व्यक्तीचें न घेतां कुटुंबाचें घ्यावें. सासू, सून आणि नात एकत्र बसल्या म्हणजे पाटीची लाज उरत नाहीं. बोलावणें करावयास शेजारचीच शिकलेली बाई जावी. तिला दार लवकर उघडतें. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेनें साऱ्या गांवालाच शिकण्याचा संकल्प करावयास लाविलें, तें ह्याच जाणिवेनें.

परंतु नोंदणीहून टिकाव कठीण. सोयाबीनची कापणी व कापसाची वेचणी चालू असतां दिवसभर वांकलेली बाई रात्रीं स्वयंपाक उरकून वर्गास कशी येणार? अशा दिवसांत वर्ग बंद न ठेवतां लहान करावा. वेचलेल्या कापसाचें वजन, किलोमागें मजुरी आणि आठवड्याची बेरीज हाच त्या दिवसांचा पाठ असावा. कांट्यावरील आंकडा जिला स्वतः वाचतां येतो, तिची मजुरी कोणी सहसा बुडवूं शकत नाहीं. आणि अशा बाईला वर्गास पुनःपुन्हा बोलवावें लागत नाहीं.

वेळही शिकणारांनींच ठरवावी. ठाणे जिल्ह्यांतील फांगणे येथें २०१६ सालीं निघालेली आजीबाईंची शाळा दुपारीं भरे. कारण घरकाम आटोपून आजींना तेव्हांच सवड मिळे.

२०२२ ते २०२७ ह्या काळासाठीं आखलेल्या उल्लास कार्यक्रमांत स्वयंसेवक १५ वर्षांवरील निरक्षरांस शिकवितात व शेवटीं वाचन, लेखन आणि संख्याज्ञान ह्यांची परीक्षा होते. पण प्रमाणपत्रानंतर वाचावयास कांहींच न मिळाल्यास अक्षरें पुसट होतात. नातवाचें पुस्तक आणि रेशनची पावती तरी रोज मोठ्यानें वाचावी.

शिक्षकांना एवढीच विनंति, कीं गैरहजर माणसाचें नांव खोडण्यापूर्वीं एकदां त्याच्या घरीं जावें. अडचण बहुधा तेथेंच कळेल, आणि तिचा उपायही.