शेवटची राऊंड कुणाच्या खिशाने ठरवायची?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा आपला विषयच नाही. गोल्फ! पण थांबा, एपिसोड बंद करू नका. ट्रेकला जाणारे, टर्फवर क्रिकेट खेळणारे, गोव्याचा प्लॅन पाच वर्षं पुढे ढकलणारे, सगळ्यांना लागू पडेल असं यात काहीतरी आहे.

तर मुद्दा असा. आम्ही आठ जण पुढच्या महिन्यात कशेळ्याला जातोय. शुक्रवार रात्र ते रविवार. कशेळे म्हणजे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. भीमाशंकरला खांडसच्या बाजूने चढणारे किंवा कोथळीगडासाठी आंबिवलीला जाणारे इथूनच पुढे जातात. मुक्काम ठरला, जेवण ठरलं, शनिवार ठरला. अडकलं कुठे, तर रविवारी. ग्रुपमधले चौघं गेलं वर्षभर गोल्फ शिकतायत, त्यामुळे शेवटच्या दिवशी एक राऊंड खेळूनच घरी जायचं असं ठरलं. आणि मग प्रश्न आला, कोर्स कोणता? परवडणारा कोणता?

'परवडणारा' हा शब्द मोठा फसवा आहे. कुणाला परवडणारा? एकाच ग्रुपमध्ये कुणाला लग्नासाठी पैसे साठवायचेत, कुणाचा होम लोनचा हप्ता सुरू झालाय, कुणी नोकरी बदलतोय आणि मधले दोन महिने पगार नाही. आपण मात्र सरासरी काढतो. "अरे, माणशी एवढेच तर होतायत!" सरासरीने बिल भागतं, माणसं भागत नाहीत.

आणि आपल्याकडे "मला परवडत नाही" असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लिहीत नाही. काय लिहितात? "बघतो." "घरी विचारून सांगतो." "त्या दिवशी जरा काम निघू शकतं." एखादा नुसता अंगठा दाखवतो आणि आदल्या दिवशी त्याला ताप येतो. आमच्या ग्रुपवर कोर्सचं नाव पडल्यावर पंधरा मिनिटांत दोन "बघतो" आले. हे दोघं ट्रिपला एका पायावर तयार होते. म्हणजे काम बिम काही नव्हतं, आकडा होता.

म्हणून आजचा एपिसोड. शेवटची राऊंड कशी निवडायची, म्हणजे ती खरंच सगळ्यांची होईल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गोल्फ हा मुळातच श्रीमंतांचा खेळ, असं आपण धरून चालतो. पण १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती. का? लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हाच खेळ खेळत बसायचे म्हणून. कायदा करावा लागला, म्हणजे खेळणारे मूठभर नसणार. आजही सेंट अँड्र्यूजचं जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स मैदान रविवारी सहसा खेळासाठी बंद असतं आणि गावातले लोक त्यावर फिरायला येतात. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं पेबल बीच, जिथे एका राऊंडची फी ५०० डॉलरच्या वर आहे. खेळ एकच, दरवाजे वेगळे.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, येरवड्याचा पूना गोल्फ क्लब १८८५ चा, मुंबईत विलिंग्डन १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. हे सगळे क्लब. क्लब म्हणजे सभासद, आणि सभासद म्हणजे ओळख. अशा ठिकाणी पाहुणा म्हणून खेळायचं तर सहसा कुणीतरी सभासद ओळखीचा लागतो. खिशात पैसे आहेत म्हणून दार उघडतंच असं नाही.

पण त्याच रॉयल कलकत्ता क्लबवर एका ग्रीनकीपरचा, म्हणजे मैदानाची हिरवळ सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा खेळ शिकला. एसएसपी चौरसिया. २००८ साली दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. म्हणजे खेळ तुमचा पगार विचारत नाही, गेट विचारतं. ट्रिप ठरवणाऱ्याने गेट बघून निवड करायची.

आता आमच्यासमोर पर्याय काय होते ते सांगतो. ग्रुपमधल्या एका दादाचं म्हणणं, "आयुष्यात एकदा तरी मोठ्या रिसॉर्टवर खेळू." म्हणजे घाट चढून लोणावळ्याच्या पलीकडे किंवा थेट पुण्याच्या बाजूला. दुसरा पर्याय, कुणाच्या तरी बॉसची ओळख काढून मुंबईतला जुना क्लब. तिसरा पर्याय खारघर. तिथला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सिडकोने केलाय. सिडको म्हणजे जिने नवी मुंबई वसवली ती सरकारी कंपनी. पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या शेजारी असलेला कोर्स. आणि मुख्य म्हणजे सभासद नसलेल्या माणसालाही फी भरून खेळता येतं.

आता नकाशा बघा. आम्ही सगळे ठाणे, नवी मुंबई, पनवेल भागातले. कशेळ्याहून कर्जत, कर्जतहून चौक, तिथून जुन्या हायवेने पनवेल आणि पुढे खारघर. साधारण साठेक किलोमीटर आणि पूर्ण रस्ता घराच्या दिशेने. घाटावर गेलो तर आधी घरापासून लांब जायचं आणि रविवारी संध्याकाळी सगळी मुंबई परत येत असते, त्या गर्दीत घाट उतरायचा. शेवटच्या राऊंडसाठी पहिला नियम हाच. कोर्स परतीच्या वाटेवर हवा. पहिल्या दिवशी वाट वाकडी केली तर चालते, शेवटच्या दिवशी ती अंगावर येते.

दुसरा नियम, ग्रीन फी बघून निवडू नका. ग्रीन फी म्हणजे मैदानावर खेळायची फी. वेबसाइटवर तीच मोठ्या अक्षरात असते. पण ती सिनेमाच्या तिकिटासारखी आहे, पॉपकॉर्न वेगळं. एक उदाहरण घेऊ. हे आकडे कुठल्याही खऱ्या कोर्सचे नाहीत, फक्त हिशेब समजायला घेतलेत.

समजा कोर्स 'अ'. ग्रीन फी १,८०० रुपये. स्वस्त वाटतो. पण पाहुण्याचा जादा आकार ५००, स्टिकच्या सेटचं भाडं १,२००, कॅडी ६००, पेट्रोल-टोलचा वाटा ९००, आणि आत जेवावंच लागतं म्हणून ८००. बेरीज ५,८००.

कोर्स 'ब'. ग्रीन फी २,५००. महाग वाटतो. सेट ८००, कॅडी ६००, पेट्रोल-टोल ३००, जेवण बाहेर मिसळ खाऊन २५०. बेरीज ४,४५०.

म्हणजे ज्याची फी ७०० रुपयांनी जास्त दिसत होती, तोच माणशी १,३५० रुपयांनी स्वस्त पडला. म्हणून फोन करा आणि सरळ विचारा. शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का? कर धरून आहे का? सेट भाड्याने मिळतो का, किती मिळतात, डावखुऱ्यासाठी आहे का? एका सेटवर दोघांनी खेळलेलं चालतं का? बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कॅडी घ्यावाच लागतो का? कॉलरचा टी-शर्ट लागतो का, जीन्स चालते का? कपड्यांचा नियम गेटवर कळला तर तिथल्या दुकानातून टी-शर्ट घ्यावा लागतो, आणि तो आपल्या फॅशन स्ट्रीटच्या भावात मिळत नाही.

तिसरा नियम वेळेचा. चौघांचा एक गट १८ होल खेळायला चार-साडेचार तास घेतो. नवखे असले तर पाच. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दुपारी एकनंतर सुरुवात केली तर शेवटचे होल मोबाइलच्या टॉर्चवर. सकाळी साडेसहाची वेळ घेतली तर कशेळ्याहून साडेचारला निघायचं, आणि आदल्या रात्रीच्या गप्पा तीनला संपल्यात. शिवाय १८ होल चालत खेळलं की सात-आठ किलोमीटर चाल सहज होते. शनिवारी कोथळीगड चढून, तो सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना उतरून आलेले पाय रविवारी हे मानतील का? म्हणून नऊ होलची अर्धी राऊंड मिळते का तेही विचारा. वेळ अर्धी, दमणूक अर्धी, आणि जिथे वेगळा दर असतो तिथे पैसेही कमी.

चौथा नियम, सगळ्यांनी कोर्सवर उतरायलाच हवं असं नाही. आमच्यात चौघांना खेळता येतं, दोघं शिकाऊ, दोघांनी स्टिक हातातही धरलेली नाही. कधीच न खेळलेल्या माणसाला थेट कोर्सवर नेलं तर त्याचे पैसे वाया आणि मागच्या गटाचा खोळंबा. काही कोर्स तर हँडिकॅपचं प्रमाणपत्र, म्हणजे तुम्हाला बऱ्यापैकी खेळता येतं याचा पुरावा मागतात. अशांसाठी ड्रायव्हिंग रेंज असते. एका जागी उभं राहून बादलीभर बॉल मारायचे. खर्च राऊंडच्या मानाने बराच कमी आणि मजा भरपूर. शिकाऊंना सोबत घ्यायचं तर स्क्रॅम्बल खेळा. टीममधला प्रत्येक जण मारतो, सगळ्यात चांगला बॉल जिथे पडला तिथून सगळे पुढचा मारतात. चुकलेल्याला ओशाळं वाटत नाही आणि खेळ पटापट सरकतो.

पाचवा नियम, आणि यावर आमचा खरा वाद झाला. पैसे वाचवायचे म्हणून कॅडीच्या पैशात काटकसर करायची नाही. एक सूचना आली होती, "आठ जणांत दोनच कॅडी घेऊ, टिप नको." माझं म्हणणं सोपं आहे. ज्याला आपली बॅग उचलायची आहे, त्याच्या खिशातून आपली ट्रिप स्वस्त करायची नाही. कॅडी परवडत नसेल आणि नियमात बसत असेल तर बॅग स्वतः उचला. घेतला तर ठरलेले पैसे आणि वर टिप, रोख, मोजून आधीच बाजूला काढून ठेवा.

आता मूळ प्रश्न, त्या दोन "बघतो"चं काय केलं? ग्रुपवर विचारलं असतं तर दोघंही "नाही रे, चालेल" म्हणाले असते. म्हणून मी एक फॉर्म पाठवला. नाव नाही, नंबर नाही. एकच प्रश्न: रविवारच्या पूर्ण दिवसाला, सगळं धरून, जास्तीत जास्त किती रुपये गेले तर तुम्हाला सोमवारी टोचणार नाही? आठ उत्तरं आली. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात छोट्याच्या चौपट होता. एकाच ग्रुपमध्ये, एकाच कॉलेजमधून निघालेली माणसं!

इथे दोन रस्ते होते. सरासरी काढायची, किंवा सगळ्यात छोट्या आकड्यात बसेल असा दिवस आखायचा. आम्ही दुसरा घेतला. एक तिसरा रस्ताही सुचवला गेला, की जास्त कमावणाऱ्यांनी बाकीच्यांचे भरावे. मन चांगलं आहे त्यात, पण मी विरोध केला. एकदा कुणी माझे पैसे भरले की पुढच्या ट्रिपला मी "बघतो"सुद्धा लिहिणार नाही, गप्पच बसेन. मदत घेऊन खेळणारा माणूस मोकळेपणाने हरू शकत नाही, जिंकूही शकत नाही.

तर ठरलं असं. रविवारी नाश्ता करून कशेळं सोडायचं, खारघर गाठायचं. ज्यांना यायचंय ते कोर्सवर, बाकीचे ड्रायव्हिंग रेंजवर, आणि रेंज नाही जमली तर सेंट्रल पार्कात. ज्याचा खर्च त्याचा. जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र, बाहेर, आणि त्याचं बिल समान. रिसॉर्टवाले दादा जरा नाराज झाले. त्यांना म्हटलं, दादा, ती राऊंड आपण चौघं वेगळी करू, ज्यांना झेपतं ते. पण ट्रिपची शेवटची राऊंड म्हणजे ज्यात आठही जण असतील ती. यावर त्यांनी फक्त "बरं" लिहिलं. आपल्या भाषेत "बरं" म्हणजे अर्धा होकार असतो, उरलेला अर्धा मिसळ खाताना मिळेल.

तुमच्या ग्रुपमध्ये गोल्फ नसेल. टर्फ असेल, राफ्टिंग असेल, कुणाचं तरी डेस्टिनेशन लग्न असेल. एक काम करा. पुढचा प्लॅन ठरवताना जागेचं नाव टाकायच्या आधी तो बिननावाचा फॉर्म टाका. मग छोट्यात छोटा आकडा घ्या आणि त्यात काय काय बसतं ते शोधा. शोधायला मजा येते, आणि आदल्या दिवशी कुणाला ताप येत नाही.

तुमच्या ग्रुपमधला शेवटचा "बघतो" कुणाचा होता, आठवून बघा. त्याला आज एक फोन करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत खेळत राहा, काळजी घ्या.