तराजूचा कांटा

(महोत्सवानिमित्त मसुरें येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाचें वर्ष हें जसें आनंदाचें, तसेंच हिशोबाचेंही होय. म्हणून आज आम्ही तराजूविषयीं चार शब्द बोलणार आहों. आपल्या किनाऱ्यावर मासे वाट्यानें घेतले जातात; तेथें नजर हेंच माप. परंतु सोनाराच्या दुकानांत नजर चालत नाहीं, तेथें कांटाच पाहावा लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते १९६५) ज्या लॅटिन भाषेंत आपली मिस्सा होत असे, त्या भाषेनें विचारासंबंधींचे कित्येक शब्द या तराजूवरूनच घेतलेले आहेत.

पेंदेरे म्हणजे टांगून तोलणें. प्राचीन रोमन लोक नाणीं प्रचारांत येण्यापूर्वीं कांशाचे तुकडे तोलून देणें फेडीत. म्हणून त्याच क्रियापदास पैसे देणें हाही अर्थ आला. मुंबईस आयुष्य घालवून गांवीं परतलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांचें ‘पेन्शन’ त्याच घराण्यांतलें. विवाहाकरितां बिशपांकडून मिळणारें ‘डिस्पेन्सेशन’ही तसेंच. दिस्पेन्सारे म्हणजे तोलून वांटून देणें. डिस्पेन्सेशन म्हणजे नियम गुंडाळून ठेवणें अशी पुष्कळांची समजूत असते; शब्द मात्र ज्याला जितकें हवें तितकें मोजून देणाऱ्या कोठीच्या कारभाऱ्याची आठवण करून देतो. पेन्सारे म्हणजेही तोलणेंच. त्यापासून पोर्तुगीज भाषेंत पेन्सार झालें, त्याचा अर्थ विचार करणें.

परंतु आमचें लक्ष विशेष वेधलें तें एक्सामेन या शब्दानें. कुमसारास जाण्यापूर्वीं आपण जी विवेकपरीक्षा करतों, तिचें हें नांव. त्याचा एक जुना अर्थ तराजूचा कांटा. दुसरा, मधमाशांचा थवा! (रांगेंत उभे असतां आमच्या डोक्यांत बहुधा हा दुसराच अर्थ घोंघावत असतो.) संत इग्नासी लोयोला यांनीं ही परीक्षा दिवसांतून दोनदां करावयास सांगितली. १५४८ सालीं छापलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथांत, साधना देणाऱ्या गुरूनें तराजूप्रमाणें मध्यें राहावें, कोणत्याही बाजूस झुकूं नये, असेंही बजावलें आहे.

हेच इग्नासी १५२२ सालीं मान्रेसा येथें एका मानसिक व्यथेनें गांजले होते. कबूल केलेलें पाप पुनः पुनः कबूल करावें, तरी समाधान नाहीं. या व्यथेस स्क्रूपल म्हणतात. स्क्रूपुलुस म्हणजे बारीक, टोंकदार खडा. त्याच नांवाचें एक वजनही होतें, औंसाचा चोविसावा भाग. रोमन पौंड बारा औंसांचा, सुमारें ३२७ ग्रॅम. त्यांत अशीं २८८ वजनें बसत. पायताणांत खडा शिरला म्हणजे मनुष्य वाट विसरतो आणि पायच पाहूं लागतो, तशी ही व्यथा.

आम्हांमध्यें मात्र निराळाच प्रकार दिसतो. उपवासकाळाच्या शुक्रवारीं चुकून मांसाचा घास पोटांत गेला तर मन खातें. पण बांधावरच्या एका माडासाठीं सख्ख्या भावाशीं दहा वर्षें बोलणें टाकलें, तें पारड्यांत पडतच नाहीं. खडे तोलावयाचे आणि धोंडा दाराबाहेर ठेवावयाचा! हें आम्ही दुसऱ्यांविषयीं बोलत नाहीं. आमच्या घरींही असा एक माड होता. तो पुढें वादळांत पडला. अबोला तेवढा उभा राहिला.

आतां एकच शब्द. संस्कृत तुला, मराठी तोलणें आणि लॅटिन तोल्लेरे, म्हणजे उचलणें, हीं एकाच प्राचीन धातूचीं लेकरें होत, असें भाषाशास्त्री सांगतात. जुन्या मिस्सेंत परमप्रसादापूर्वीं ‘आग्नुस देई’ म्हणतांना तोल्लिस हा शब्द तीनदां येई. देवाचें कोकरूं जगाचीं पापें उचलून नेतें, असा तेथें अर्थ आहे. आमच्या आजीस लॅटिनचें अक्षर कळत नसे. परंतु त्या शब्दाशीं तिचा हात छातीवर जाई. तराजू तिच्या ओळखीचा होता, आणि डोईवरचें ओझें खालीं घेणारा हातही.

फादर कुमसारास बसावयास निघाले आहेत. आम्हांसही त्या रांगेंत उभें राहावयाचें आहे. म्हणून येथेंच थांबतों.